शिक्षा आधीच ठरवून टाकली, तर मर्जी कुणाची चालते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गावात दोन मारामाऱ्या झाल्या. एकीत कुऱ्हाडीच्या घावानं हात मोडला, दुसरीत लोखंडी गजानं पाय. दोन्हीकडे भारतीय दंड संहितेचं कलम ३२६ लागलं आणि दोन्हीकडे आरोपी दोषी ठरला. पहिल्याला तालुक्याच्या कोर्टानं एक वर्ष दिलं, दुसऱ्याला जिल्ह्याच्या कोर्टानं पाच. पाच वर्षं झाली ते तुमचे चुलते. तुम्ही विचारता, प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा कायद्यातच एकदाची ठरवून का टाकत नाहीत? न्यायाधीशाच्या मर्जीवर माणसाची चार वर्षं का सोडायची?

मी खानदेशातल्या एका जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. त्यातली चार वर्षं सरकारी पक्षातर्फे, बाकी बहुतेक आरोपीतर्फे. त्यामुळे माझं मत कुठून येतं ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. तुम्ही ज्याला मर्जी म्हणता त्याला आमच्याकडे विवेकाधिकार म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काही वेळा ती मर्जीच असते, हे मी नाकारणार नाही.

आधी तुमच्या चुलत्यांचं बघू. कलम ३२६ ला जुन्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप इतकी शिक्षा होती आणि खालची मर्यादा नव्हती. म्हणजे कोर्ट उठेपर्यंत उभं राहा, इथपासून जन्मठेपेपर्यंत सगळं त्या एका कलमात मावत होतं. (१ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत याच गुन्ह्याला किमान एक वर्ष घातलं आहे.) पण हा खटला मुळात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, आणि त्या कोर्टाला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. तुमच्या चुलत्यांचा खटला जिल्ह्याला, म्हणजे सत्र न्यायालयात गेला, तो का? बहुधा पोलिसांनी त्यात ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावला असणार. ३०७ लागलं की खटला सत्र न्यायालयातच चालतो. पुढे ३०७ शाबीत झालं नाही, ३२६ तेवढं उरलं, पण कोर्ट मोठं होतं आणि त्याला तीन वर्षांची वेसण नव्हती.

निकालपत्रं मी पाहिलेली नाहीत. आधीची शिक्षा, जखमेची जागा, जखमीला आलेलं अपंगत्व, जुनं वैर, या सगळ्यानं फरक पडतो. पण माझा अंदाज बरोबर असेल, तर एक आणि पाच यांच्यातलं मोठं अंतर न्यायाधीशानं पाडलेलंच नाही. ते फिर्याद नोंदवताना ३०७ चा आकडा टाकायचा की नाही, हे ज्या अंमलदारानं ठरवलं त्यानं पाडलं. पुढे जे सांगणार आहे त्याचं बीज इथंच आहे, म्हणून एवढा वेळ घेतला.

आता मूळ प्रश्न. ‘ठरावीक शिक्षा’ म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, दुसरा पर्यायच नाही अशी शिक्षा. दुसरी, किमान शिक्षा: याच्या वर जा, खाली येऊ नका.

पहिला प्रकार आपल्याकडे होता आणि बराचसा गेला. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यानं खून केला तर फाशीच, असं कलम ३०३ होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब या खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचं, आपल्या पुण्याचेच ते. त्यातला मुद्दा सरळ होता. परिस्थिती न बघता फाशी द्यायला लावणारा कायदा न्यायाधीशाच्या हातून न्याय करण्याचं कामच काढून घेतो. शस्त्र कायद्यातली तशीच सक्तीची फाशी २०१२ मध्ये गेली. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास सक्तीची फाशी होती. २०११ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं ती सक्तीची नाही, ऐच्छिक आहे असं वाचायला लावलं आणि २०१४ मध्ये संसदेनंही कायदा तसा बदलला.

दुसरा प्रकार मात्र वाढतच चाललाय, आणि खरा वाद त्याचाच आहे. पण तो का आला हे विसरून त्याच्यावर तुटून पडणं मला बरोबर वाटत नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. सत्र न्यायालयानं सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये चार कायदा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ च्या दुरुस्तीनं बलात्काराला किमान सात वर्षं शिक्षा आली. पण तिला एक खिडकी ठेवली होती: ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ लिहून न्यायाधीशाला सातच्या खाली येता येत होतं.

त्या खिडकीतून काय काय बाहेर गेलं ते आम्ही पाहिलंय. १९८९ मध्ये हरियाणातल्या एका खटल्यात, आरोपी पोलीसच असताना, मुलीच्या ‘वर्तणुकी’चा हवाला देऊन खुद्द सर्वोच्च न्यायालयानं दहाची पाच वर्षं केली. आरोपी तरुण आहे, खेड्यातला आहे, अशिक्षित आहे, आता त्याचं लग्न झालंय, ही सगळी ‘विशेष कारणं’ ठरत होती. ज्या देशात बहुसंख्य माणसं खेड्यातली, तिथं खेड्यातला असणं विशेष कसं, हे मला कधी कळलं नाही. शेवटी २०१३ मध्ये संसदेनं ती खिडकीच बंद केली. म्हणजे किमान शिक्षा ही हवेतून पडलेली नाही. न्यायाधीशांनी आपला अधिकार जसा वापरला, त्याचं ते उत्तर होतं.

मुंबईतलं कार्टर रोडचं प्रकरणही तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबर २००६, फुटपाथवर झोपलेले मजूर, वर चढलेली गाडी, सात मृत्यू. खालच्या कोर्टानं हयगयीनं मृत्यू असं धरून सहा महिने साधी कैद दिली. लोक खवळले. उच्च न्यायालयानं तोच प्रकार सदोष मनुष्यवधात बसवून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. सहा महिने आणि तीन वर्षं यांत शिक्षेचा आकडा बदलला, पण तो कसा, तर कलम बदलून. हे ध्यानात ठेवा.

इतकं असूनही माझा कौल ठरावीक शिक्षेच्या बाजूनं जात नाही. कारण तुम्हाला वाटतं की शिक्षा ठरवून टाकली की मर्जी संपते. ती संपत नाही, जागा बदलते. न्यायाधीश उघड्या कोर्टात बसतो, कारणं लिहितो, त्याच्यावर अपील होतं. तिथून निघालेली मर्जी जाऊन बसते पोलीस ठाण्यात, पंचनाम्यात आणि साक्षीदाराच्या घरी. तिथं कारणं लिहावी लागत नाहीत.

एक खटला सांगतो. एनडीपीएसमध्ये गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोपेक्षा जास्त ‘व्यापारी’ आणि मधला तो मधला. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, किमान काही नाही. वीस किलोच्या वर गेलात की किमान दहा वर्षं, वीसपर्यंत, आणि किमान एक लाख दंड. शिवाय व्यापारी प्रमाण म्हटलं की कलम ३७ आडवं येतं, जामीन जवळजवळ विसरायचा. आणि दोषारोपपत्राला पोलिसांना १८० दिवस मिळतात.

माझा अशील मोटारसायकलवर दोन गोण्या घेऊन चालला होता. इथून उचलून तिथं टाकायचे दोन हजार रुपये. माल कुणाचा, हे त्यालाही धड माहीत नव्हतं, आणि तो मालक शेवटपर्यंत सापडला नाही. पंचनाम्यात वजन होतं २० किलो ७०० ग्रॅम. नाक्यावरच्या किराणा दुकानाचा इलेक्ट्रिक काटा आणून मोजलेलं. उलटतपासात मी तपासी अंमलदाराला विचारलं, वजन बारदानासह की बारदान वजा जाता? साहेब म्हणाले, बारदानासह. मग कोर्टाच्या परवानगीनं मुद्देमालातली गोणी रिकामी करून मोजली. एक गोणी ५८० ग्रॅम. दोन गोण्यांचे ११६० ग्रॅम वजा केले की उरतो १९ किलो ५४० ग्रॅम. त्यातही पंचनाम्यातलं वर्णन होतं ‘हिरवट, ओलसर, पाला, काड्या व बियांसह’. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या किंवा फळाच्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर नुसता पाला आणि बिया त्यात धरत नाहीत. पण तो वाद घालायची गरजच पडली नाही. गोण्यांनीच काम केलं.

त्याला चार वर्षं झाली. तीन वर्षं दोन महिने तो आधीच आत होता.

आता बघा. दहा वर्षं की चार, हे कशावरून ठरलं? तो मालक की हमाल, पहिल्यांदा की नेहमीचा, घरची हालत काय, यातल्या कशावरूनही नाही. तागाच्या दोन गोण्यांवरून ठरलं. त्या दिवशी काट्यावर गोणी रिकामी केली असती आणि पाल्यातलं अजून थोडं पाणी धरून माल साडेवीस किलो भरला असता, तर न्यायाधीशानं मान हलवून दहा लिहिले असते. माझ्या युक्तिवादाचं ऐकायला त्यांच्यापाशी काही शिल्लकच नसतं. आणि पंचनामा करणाऱ्याला वीसचा आकडा पाठ असतो. बारदान काढायचं की नाही, ओला माल वाळू द्यायचा की तसाच मोजायचा, हे सगळं तोच ठरवतो. मी कुणावर पैसे खाल्ल्याचा आरोप करत नाही. एवढंच म्हणतो की त्या क्षणी शिक्षा तो ठरवत असतो, आणि तसं त्याच्या दप्तरात कुठंच लिहिलेलं नसतं.

पोक्सोकडे, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याकडे, वळतो. इथं मला सर्वात जास्त बोलायचंय आणि इथंच माझ्यावर सर्वात जास्त लोक चिडतात. लहान लेकरांवर अत्याचार करणाऱ्यांना किमान शिक्षा असू नये असं मी म्हणत नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या खटल्यात मी सरकारी पक्षातर्फे उभा राहिलोय आणि कमाल शिक्षा मागितली आहे. पण १६ ऑगस्ट २०१९ पासूनच्या दुरुस्तीनंतर कायदा काय म्हणतो ते नीट बघा. १६ ते १८ वयाच्या मुलीशी शरीरसंबंध, किमान दहा वर्षं. १६ च्या खाली, किमान वीस. आणि कलम ६ चा ‘गंभीर’ प्रकार, कुठल्याही वयात, किमान वीस, वर उरलेलं सगळं आयुष्य किंवा फाशी. गंभीर प्रकारात काय येतं? संस्थेत, पोलिसाकडून, सामूहिक, हे तर येतंच. पण मुलगी गरोदर राहिली की तेही येतं. एकापेक्षा जास्त वेळा संबंध आला की तेही येतं. अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही.

म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा पळून गेले, सुरतेला चार महिने राहिले, पोटुशी होऊन परत आली, की तो कलम ६ मध्ये. किमान वीस वर्षं. घरच्यांनी नंतर समजूत काढून लग्न लावून दिलं असेल, फिर्याद करायची कुणाचीच इच्छा नसेल, तरी नाव नोंदवायला ती सरकारी दवाखान्यात गेली की डॉक्टरला कळवणं बंधनकारक आहे. त्याची चूक नाही, न कळवलं तर त्याच्यावरच गुन्हा.

असे माझ्याकडे दोन खटले जवळपास एकाच वर्षात होते. पहिल्यात ती साक्षीला आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, कडेवर पोरगी. कोर्टाच्या नाईकानं पोरीला बाहेर नेऊन बिस्किटाचा पुडा फोडून दिला. पिंजऱ्यात तिनं सांगितलं, हा माझा नवरा आहे, मी माझ्या मनानं गेले होते. सरकारी वकिलांनी तिला फितूर घोषित केलं. दुसरं ते करूही शकत नव्हते. मग आले मुख्याध्यापक. शाळेच्या रजिस्टरची जन्मतारीख कशावरून घेतली? आजीनं सांगितली तशी. जन्माचा दाखला होता का? नव्हता. वय शाबीत नाही, आरोपी निर्दोष.

दुसऱ्या खटल्यात सगळं तेच. गाव वेगळं, मुलगी वेगळी, तीही बायको म्हणूनच उभी राहिली, तिच्याही कडेवर मूल होतं. फरक एकच. त्या गावच्या ग्रामसेवकाचं जन्मनोंदीचं रजिस्टर नीट होतं. आठवड्याच्या आत नोंद, सही, शिक्का. वय सतरा वर्षं तीन महिने, शंकेला जागा नाही. डीएनए अहवाल होताच. वीस वर्षं सक्तमजुरी. शिक्षा वाचून दाखवल्यावर ती मला विचारत होती, मी सगळं खरं सांगितलं ना वकीलसाहेब, मग? अपील उच्च न्यायालयात आहे.

एकाला शून्य, दुसऱ्याला वीस. तुमच्या चुलत्यांच्या एक आणि पाचपेक्षा हे अंतर केवढं मोठं आहे! आणि हे घडलं जिथं शिक्षा अगदी ठरवून दिलेली आहे तिथं. सगळ्यांना सारखं मापायला निघालेला कायदा ग्रामसेवकाच्या हस्ताक्षरावर येऊन टेकला.

विधी आयोगालाही हे दिसलंय. सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात आयोगानं संमतीचं वय अठरावरून खाली आणू नका असं सांगितलं, पण १६ ते १८ मधल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत काही आखीव मोकळीक द्या, असंही सुचवलं. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण घटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा खास अधिकार वापरून शिक्षा दिली नाही. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. आमच्या जिल्ह्यातल्या ज्या न्यायाधीशानं त्या दोघांना समोर उभं पाहिलंय, त्याच्याकडे तो नाही. आणि दिल्लीपर्यंत जायला शंभरातल्या किती जणांना परवडतं?

सक्तीच्या किमान शिक्षेचा अजून एक परिणाम होतो, त्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. शिक्षा जड वाटली आणि कमी करता येत नसली, की न्यायाधीश गुन्ह्याचीच व्याख्या आक्रसून घेतो. जानेवारी २०२१ चा नागपूर खंडपीठाचा निकाल आठवा, ज्याच्यावर देशभर टीका झाली. बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून चाचपलं, तर त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही म्हणून पोक्सोचं कलम ८ लागत नाही, असं म्हणून विनयभंगाचं कलम ३५४ लावलं. कलम ८ ला किमान तीन वर्षं, ३५४ ला किमान एक. निकालातच लिहिलं होतं की शिक्षा कडक असल्यानं पुरावाही तसाच काटेकोर हवा. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, आणि योग्यच केलं. पण त्यात शिक्षेचं ओझं व्याख्येवर कसं येऊन बसतं हे उघड दिसतं. एका माणसाला दोन वर्षं कमी द्यायची असती, तर त्याच्यापुरतं नुकसान झालं असतं. व्याख्या आक्रसली असती तर पुढची सगळी मुलं उघडी पडली असती.

खुनाचंही तसंच. खुनाला जन्मठेप किंवा फाशी, खाली काही नाही. म्हणून आमच्याकडे खुनाच्या खटल्यातली अर्धी लढाई ‘खून झाला का’ यावर नसते, ‘३०२ की ३०४’, म्हणजे खून की सदोष मनुष्यवध, यावर असते. बांधावरून भांडण, रागाच्या भरात फावड्याचा एकच वार, नंतर स्वतःच उचलून दवाखान्यात नेलं, अशा माणसाला जन्मठेप द्यायला कुठल्याही न्यायाधीशाचा हात धजत नाही. मग अचानक भांडणाचा अपवाद शोधला जातो आणि प्रकरण सदोष मनुष्यवधात येतं, जिथं पाच, सात, आठ वर्षं देता येतात. ही वाट बरी आहे, कारण ती कायद्यातच ठेवलेली आहे. पण बघा, मोकळीक नको म्हटलं तरी न्यायाधीश कुठून तरी दार शोधतोच.

अमेरिकेचा किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. कॅलिफोर्नियानं १९९४ मध्ये ‘तीन चुका, मग आत’ असा कायदा केला: आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्या गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप. एकानं गोल्फच्या तीन काठ्या चोरल्या आणि त्याला तीच शिक्षा झाली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती कायमही ठेवली. त्यातली मेख अशी की ती चोरी किरकोळ गुन्हा म्हणून चालवायची की गंभीर, हे आधी सरकारी वकील ठरवणार होता. म्हणजे तिथंही शिक्षेचं पहिलं माप सरकारी वकिलाच्या टेबलावरच पडलं. २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनीच तो कायदा सैल केला.

मग करायचं काय? इथपर्यंतचं एवढ्यात आलं: मर्जी मोकळी सोडली तर काही न्यायाधीश वाटेल तशी वापरतात, आणि काढून घेतली तर ती अशा हातात जाते जिथं कुणाला जाब विचारता येत नाही. मला दिसणारा तिसरा रस्ता म्हणजे मोकळीक न्यायाधीशाकडेच ठेवायची, पण त्याला हिशोब मांडायला लावायचा. इंग्लंडमध्ये २०१० पासून सेंटेन्सिंग काउन्सिल आहे. गुन्ह्यागणिक सुरुवातीचा आकडा ठरलेला, मग काय असलं तर वाढवायचं, काय असलं तर कमी करायचं हे लिहिलेलं. न्यायाधीशानं ते पाळायचं. पाळणं न्यायाच्या विरुद्ध जात असेल तर सोडायचं, पण का ते सांगून. आपल्याकडे न्या. मळीमठ समितीनं २००३ मध्ये अशा मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा केंद्र सरकारला शिक्षेच्या धोरणाचा विचार करायला सांगितलं. मधल्या दोन दशकांत किमान शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्त्या मात्र धडाधड झाल्या. आकडा वाढवायला एक अधिवेशन पुरतं, तत्त्वं लिहायला बसावं लागतं.

आणि त्याही आधी, जे कायद्यात आहे ते तरी नीट व्हावं. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं वेगळं ऐकायचं, अशी तरतूद आहे. जुन्या संहितेत २३५(२), नव्यात २५८. ती कशी पार पडते सांगतो. निकाल वाचून झाला. आरोपी गळपटलेला. साहेब विचारतात, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय? तो मागं वळून बायकोकडे बघतो. पोलीस हळूच म्हणतो, बोल. तो म्हणतो, घरी म्हातारी आई हाय, दया करा. मी उठतो, पहिलाच गुन्हा, एकटा कमावता, इत्यादी. सरकारी वकील उठतात, गुन्हा गंभीर, जास्तीत जास्त शिक्षा व्हावी. स्टेनो टाइप करतो. पाचेक मिनिटं. मग चहाची सुट्टी, आणि परत आल्यावर आकडा. बाहेरच्या कुणी त्या माणसाच्या गावात जाऊन चौकशी केलेली नसते. जखमी कसा जगतोय हे कुणी पाहिलेलं नसतं. जिल्ह्यात परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी असतो, पण या टप्प्यावर त्याच्याकडून अहवाल मागवलेला मी सव्वीस वर्षांत मोजून चारदा पाहिलाय. फाशीच्या खटल्यांत हल्ली वरची कोर्टं असे अहवाल मागवतात. मारामारीच्या खटल्यात कोण मागवणार? आणि याला आम्ही वकीलही तेवढेच जबाबदार आहोत. दोषी ठरल्यावर अशिलाची फी आणि आमचा उत्साह दोन्ही आटलेले असतात.

म्हणून तुमच्या चुलत्यांच्या पाच वर्षांबद्दल मला खटकतं ते हे की पाचच का, चार किंवा सात का नाही, याचं उत्तर बहुधा त्या निकालात नाही. पाच बरोबरही असू शकतात. पण ‘गुन्ह्याचं स्वरूप व परिस्थिती पाहता’ एवढ्या एका वाक्यावर पाच वर्षं उभी असतील, तर ते चूक आहे, आणि ती चूक शिक्षा छापून ठेवल्यानं दुरुस्त होणार नाही.

आता कामाचं. दोन्ही निकालांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. तुमच्या चुलत्यांची मिळेलच. दुसऱ्या खटल्यात तुम्ही पक्षकार नाही, त्यामुळे कारण देऊन अर्ज करावा लागेल, पण निकालाची नक्कल मिळते. शेवटची दोन पानं आधी वाचा, ‘शिक्षेबाबत’ असं लिहिलेलं असतं तिथून. शिक्षेच्या सुनावणीत वकिलांनी काय सांगितलं आणि त्यातलं काय का नाकारलं, हे लिहिलंय का बघा. वैद्यकीय अहवालातली जखम आणि दोषारोप ठेवताना लावलेली कलमं दोन्हींत ताडून पाहा. कारण नसेल किंवा ३०७ मुळं फुगलेली शिक्षा वाटली, तर उच्च न्यायालयात अपिलात दोषाबरोबरच शिक्षेवर वेगळा मुद्दा घ्यायला लावा. पुष्कळ अपिलांत तो शेवटी एका ओळीत उरकलेला असतो. अपिलाची मुदत टळून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल, आणि तिथं रोज मोजला जातो, तेव्हा नकलेचा अर्ज याच आठवड्यात टाका.

जाता जाता, पहिल्या खटल्यातला जखमी तुमच्या ओळखीचा असेल तर त्यालाही हे सांगा. एक वर्ष फारच कमी आहे असं त्याला वाटत असेल, तर शिक्षा वाढवून मागणारं अपील त्याला स्वतःला करता येत नाही. ते सरकारनंच करायचं असतं. त्यानं जिल्हा सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.